‘दादा, बॅटरी बसली’: ई-स्कूटरचा पॅक तपासायला शिकताना

गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते आणि शुक्रवारी सकाळी पुण्यात धायरीतल्या आमच्या गाळ्यासमोर एखाद-दुसरी ई-स्कूटर ढकलत आणलेली असते. ‘दादा, बॅटरी बसली.’ काकांची खात्रीच असते. मी चार्जरची पिन मल्टिमीटरला लावतो. आकडा येतो शून्य. लाइट परत येताना बसलेल्या झटक्यात चार्जर गेलेला असतो. बॅटरी ठणठणीत असते, फक्त उपाशी असते.

या कामात नवीन आलेली पोरं पहिली चूक इथेच करतात. पॅकचे स्क्रू आधी काढतात, विचार नंतर. म्हणून या लेखातला बराच भाग पॅक न उघडता काय पाहायचं याबद्दल आहे. आयटीआय करून आलेले, मोबाइल किंवा इन्व्हर्टर दुरुस्तीतून इकडे वळलेले, किंवा दुचाकीचं गॅरेज असून आता ई-स्कूटर दारात यायला लागल्या म्हणून शिकणारे, अशांसाठी हे लिहितोय. विषय आहे तो ४८ आणि ६० व्होल्टच्या, पत्र्याच्या किंवा फायबरच्या डब्यातल्या, स्क्रूने बंद केलेल्या पॅकचा. मोठ्या कंपन्यांचे रसायन ओतून सील केलेले, गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारे पॅक उघडू नका. त्यात दुरुस्त करण्यासारखं हाताला काही लागत नाही आणि गिऱ्हाइकाची वॉरंटी मात्र जाते.

हात लावण्याआधी

माझ्या टेबलावरच्या भिंतीला एक स्क्रू ड्रायव्हर टांगलेला आहे. त्याचं टोक नाहीये. जिथे टोक होतं तिथे वितळलेल्या लोखंडाचा मण्यासारखा गोळा आहे. पहिल्या वर्षी तो माझ्या हातातून निसटून पॅकच्या दोन टोकांवर आडवा पडला. आवाज सुतळी बॉम्बसारखा झाला आणि पुढची दोन मिनिटं डोळ्यांपुढे फक्त पांढरं दिसत होतं. नवीन मुलगा कामाला आला की त्याला मी आधी तो दाखवतो.

६० व्होल्टचा पॅक पूर्ण भरला की ६७ ते ७३ व्होल्ट असतो. घामट हाताला हा झटका जाणवतो, पण खरी भीती झटक्याची नाही. शॉर्ट झाल्यावर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात, भीती त्याची. अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली चेन काढून ठेवा. पाना आणि स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्यांना टेप गुंडाळा, फक्त टोक उघडं ठेवा. चष्मा घाला. एका वेळी पॅकचं एकच टोक उघडं असू द्या, दुसऱ्यावर टेप. आणि एकटे काम करू नका.

मीटरबद्दल एक गोष्ट. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात विसरलात आणि तशीच व्होल्टेज मोजायला गेलात, तर मीटर म्हणजे सरळ शॉर्ट. प्रत्येक वेळी पॅकला लावण्याआधी भोक पाहायचं. मी आमच्या मीटरचं ते भोक टेपनं बंदच केलंय.

आगीचं. मार्च २०२२ मध्ये लोहगावात रस्त्याकडेला उभी असलेली ई-स्कूटर पेटली, तो व्हिडिओ देशभर फिरला. त्या उन्हाळ्यातल्या अशा घटनांनंतर बॅटरीच्या सुरक्षेचा एआयएस-१५६ हा नियम कडक झाला आणि १ डिसेंबर २०२२ पासून दोन टप्प्यांत लागू झाला. आपण दुरुस्त केलेला पॅक त्या चाचण्यांतून पुन्हा जात नाही, हे डोक्यात पक्कं असू द्या. लिथियमचा सेल एकदा आतून पेटला की पावडरच्या सिलिंडरनं ज्वाळा दबतात, पण आतली उष्णता शेजारच्या सेलला पेटवतच राहते. भरपूर पाणी ओतून थंड करणं हाच उपाय, आणि ते काम अग्निशमन दलाचं. १०१ लावा, धुरापासून लांब व्हा. तो धूर विषारी असतो.

पॅक फुगलेला असेल, तापलेला असेल, किंवा डब्याला नाक लावल्यावर नेलपॉलिश काढायच्या द्रावासारखा गोडसर वास आला, तर तपासणी तिथेच संपली. पॅक आधी उघड्यावर, भिंतीपासून आणि गाड्यांपासून दूर. वास म्हणजे सेल फुटून आतलं द्रव्य बाहेर आलंय.

पॅकचं गणित

डब्यावर ‘६० व्होल्ट ३० एएच’ लिहिलेलं असतं. एएच म्हणजे अँपिअर-अवर, पॅकमध्ये किती साठतं त्याचं माप. एवढ्यावर भागत नाही. आत कुठल्या जातीचे सेल आहेत आणि किती ओळीत आहेत, हे कळल्याशिवाय मीटरवरच्या आकड्याला अर्थ नाही.

आपल्याकडे लिथियमच्या दोन जाती येतात. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट): सेल साधारण ३.६ ते ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२, आणि ३ च्या खाली गेला की जवळपास रिकामा. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट): ३.२ व्होल्टचा, भरला की ३.६५, रिकामा २.५ ला. काही सेल समांतर जोडले की एक गट होतो. ६० व्होल्टचा पॅक म्हणजे एनएमसीचे १६ किंवा १७ गट एकापुढे एक, नाहीतर एलएफपीचे २०. म्हणजे पूर्ण भरलेल्या पॅकचा आकडा ६७.२, ७१.४ किंवा ७३. तिन्हींवर लेबल मात्र ‘६० व्होल्ट’चंच.

यातूनच सगळ्यात घाणेरडा घोळ होतो. चार्जर बिघडला, गिऱ्हाइकानं दुकानातून ‘६० व्होल्टचा’ चार्जर आणला, पिन बसली, चालू केला. एलएफपीचा ७३ व्होल्टचा चार्जर १६ गटांच्या एनएमसी पॅकला लागला तर प्रत्येक सेलच्या वाट्याला ४.५६ व्होल्ट येतात. मध्ये बीएमएस, म्हणजे पॅक सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पाटी, उभा असतो म्हणून बहुतेक वेळा निभावतं. पण सगळा भार त्या एका पाटीवर टाकून रात्रभर झोपायचं? शिशाच्या बॅटरीच्या ‘६० व्होल्ट’ चार्जरचंही तेच, तोही ७३ च्या आसपास जातो. चार्जरवरचं नाव वाचू नका, त्याच्या लेबलवरचा आउटपुट आकडा वाचा आणि मीटरनं खात्री करा.

बीएमएस म्हणजे पॅकमधला पहारेकरी. एखादा गट जास्त भरला तर चार्जिंग तोडतो, एखादा फार खाली गेला तर गाडी तोडतो, करंट किंवा उष्णता वाढली तरी तोडतो. गट बरोबरीत आणायचं कामही तोच करतो, पण ते मुंगीच्या गतीनं. त्यामागचा हिशेब पुढे येईल.

पॅक न उघडता

आधी गिऱ्हाइकाला विचारा आणि बोलू द्या. ‘चालत नाही’ या तक्रारीचे किमान चार प्रकार असतात: गाडी अजिबात चालू होत नाही, चालू होते पण चढावर बंद पडते, पूर्वीपेक्षा कमी जाते, चार्ज होत नाही. वारज्याच्या एका ताईंची गाडी घर ते ऑफिस नीट जायची, पण नवले पुलाकडून नव्या बोगद्याच्या चढाला लागली की दोनशे मीटरवर मरायची आणि किल्ली बंद-चालू केली की पुन्हा जिवंत व्हायची. एवढ्या वर्णनात निम्मं निदान आहे. भार वाढला की कुठल्यातरी गटाचं व्होल्टेज कोसळतंय, बीएमएस तोडतोय, भार गेला की सगळं जागेवर. चार्जरवर संशय घ्यायची गरज नाही.

मग या क्रमानं जा.

१. चार्जर. रिकामा असताना आउटपुट मोजा. काही चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय व्होल्टेज देतच नाहीत, त्यामुळे शून्य दिसलं म्हणून लगेच फेकू नका, चांगल्या पॅकवर लावून पाहा.

२. चार्जिंगची पिन आणि सॉकेट. आत टॉर्च मारून पाहा. काळपट डाग, वितळलेलं प्लास्टिक, हिरवट कीट.

३. डिक्कीतला एमसीबी. खटका वर दिसतो पण आतून गेलेला असतो. दोन्ही बाजूंना व्होल्टेज मोजा. सारखं नसेल तर बदला, काम झालं.

४. मुख्य कनेक्टर. याला हात लावून पाहायचं, पण गाडी चढावर फिरवून आणल्यावर. नुसता कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल तर गुन्हेगार सापडला. हिशेब करून पाहा: ४० अँपिअर जाताना जोडामध्ये फक्त २० मिलिओहमचा ढिलेपणा असला तरी तिथे ३२ वॅट उष्णता तयार होते. म्हणजे डिक्कीत सोल्डरिंग आयर्न चालू करून ठेवल्यासारखं. अँडरसन किंवा एक्सटी-९० कनेक्टरचं प्लास्टिक पिवळट पडलं असेल तर घासत बसू नका, दोन्ही बाजू बदला. नुसती मादी बदलली तर जुना नर तिलाही जाळतो.

५. पॅकचं आउटपुट. इथे नवीन माणूस फसतो. बीएमएसनं तोडलेलं असलं तरी डिजिटल मीटर कधी २०, कधी ४० असा भुताचा आकडा दाखवतो. शंका आली तर आउटपुटला बल्बची माळ लावा. भूत असेल तर आकडा जागीच शून्यावर येतो.

ही माळ म्हणजे आमच्या गाळ्यातलं सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी यंत्र. गाडीच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट ५५ वॅटचे सहा हॅलोजन बल्ब एकापुढे एक जोडले की ६० व्होल्टच्या पॅकवर साधारण साडेचार अँपिअर खातात. अशा तीन माळा केल्या की तेरा अँपिअरच्या आसपास. आमचे बल्ब पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाले, रविवारी गेलात तर निवडायला वाव असतो. बल्ब फरशीच्या तुकड्यावर मांडा. लाकडी फळीवर मांडलेत तर फळी जळते, आमची जळली.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, तरच पॅक उघडायचा.

आत: सतरा आकडे आणि एक वही

डबा उघडल्यावर घाई करू नका. आधी फोटो काढा, चारही बाजूंनी. कुठली वायर कुठून कुठे जाते हे आपल्या लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही.

बीएमएसला एक जाड काळी वायर आणि बारीक वायरींचा एक गजरा येतो. या बारीक वायरींवरून तो प्रत्येक गटाचं व्होल्टेज वाचतो. आता मीटर घ्या आणि गट क्रमांक एकपासून शेवटपर्यंत, सेल जोडणाऱ्या निकेलच्या पट्टीवर प्रत्यक्ष टोक टेकवून, तीन दशांशांपर्यंत आकडे वहीत लिहा. लिहाच. ‘सगळे ३.९ च्या आसपास आहेत’ हे वाक्य आमच्या गाळ्यात चालत नाही.

वारज्याच्या ताईंच्या पॅकची नोंद माझ्या वहीत अशी आहे: १७ गट, प्रत्येकात १२ सेल. सोळा गट ३.८८ ते ३.९० च्या मध्ये. नववा ३.४१. एकूण ६५.६ व्होल्ट. बाहेरून मोजणाऱ्याला वाटेल, अर्ध्याहून जास्त भरलेली ठणठणीत बॅटरी. पण गाडी त्या सोळांच्या जिवावर चालत नाही, नवव्याच्या जिवावर चालते. तो तळाला गेला की बीएमएस तोडतो, मग बाकीच्यांत कितीही शिल्लक असो.

आता हाच आकडा बारीक वायरींच्या गजऱ्यावर, म्हणजे प्लगच्या पिनांवर पुन्हा मोजा. हे दोनदा मोजणं बहुतेक जण टाळतात. पट्टीवर सगळे गट सारखे आणि प्लगवर एखादा वेगळा, असं असेल तर सेल निर्दोष आहेत, वायर तुटलीय किंवा सोल्डर सुटलाय. ब्लूटूथवाला बीएमएस असेल तर अॅपमध्ये एक मजेशीर चित्र दिसतं: चौथा गट २.९, पाचवा ४.९. घाबरायला होतं. पण बेरीज करा, ७.८. म्हणजे दोघे ३.९-३.९ चेच आहेत, मधली वायर लोंबकळतेय. आणि तसाही ४.९ व्होल्टचा एनएमसी सेल टेबलावर शांत बसलेला नसता. एका मुलानं असंच चित्र पाहून दोन गट कापायला कटर उचललं होतं. मी म्हटलं, ‘अरे, आधी बेरीज कर.’

एलएफपीच्या बाबतीत सावध. या जातीचं व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ हलतच नाही. एक गट ३० टक्के आणि दुसरा ७० टक्के भरलेला असला तरी दोघे ३.३ च्या आसपासच दिसतील. त्यामुळे एलएफपीचे आकडे पूर्ण चार्जच्या शेवटी किंवा पार रिकामा होत आल्यावर वाचायचे. मध्येच वाचून ‘सगळे सारखे’ म्हणालात तर तो पॅक पंधरा दिवसांत परत येईल.

खाली गेलेला गट: तीन आजार, तीन औषधं

नववा गट खाली आहे, एवढ्यानं सेल खराब ठरत नाही. बेंच पॉवर सप्लाय घ्या. व्होल्टेज आधी मोकळ्यावर मीटरनं तपासून शेजारच्या गटांइतकं लावा, आपल्या उदाहरणात ३.८९. करंट दोन-तीन अँपिअरला बांधा आणि तेवढा एकच गट भरून घ्या. उलटं जोडू नका, हे सांगायची गरज नाही असं मला पूर्वी वाटायचं. भरताना हात लावत राहा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर बंद करा. भरून झालं की पॅक आठ-दहा दिवस बाजूला ठेवा. गिऱ्हाईक रोज फोन करेल. करू द्या.

दहा दिवसांनी गट बाकीच्यांच्या बरोबरीनं उभा असेल, तर तो नुसता मागे पडलेला होता. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की असं होतं. यात सेल बदलायचा नसतो. बीएमएसनं हे स्वतः का नाही केलं, असा प्रश्न येतो. साधा बीएमएस जास्त भरलेल्या गटांतून ५० मिलिअँपिअरच्या आसपास करंट जिरवतो, तोही चार्जिंगच्या शेवटी. ३० एएचच्या पॅकमध्ये पाच टक्क्यांचा फरक म्हणजे दीड एएच. तो भरून काढायला त्याला ३० तास लागतील. आणि लोक चार्जर ऑफिसला निघताना उपटतात.

गट पुन्हा खाली घसरला असेल, तर त्यातला निदान एक सेल आतून गळतोय. बाराही सेल समांतर असल्यानं तो एकटा बाकी अकरांचं रक्त पितो. पट्ट्या कापून सेल सुटे केल्याशिवाय कुठला ते कळत नाही.

तिसरा प्रकार लपून बसणारा. आराम करताना सगळे गट सारखे, पण बल्बच्या तीन माळा लावल्यावर एक गट लगेच वाकतो. बाकीचे ०.०४-०.०५ व्होल्ट उतरले आणि हा ०.१५. इथे सेल थकलेले असतील, किंवा गटातल्या काही सेलची वेल्डिंग सुटलेली असेल, म्हणजे बारांचं काम मोजकेच जण करत असतील. पुण्यातले स्पीडब्रेकर लक्षात घेता वेल्डिंगवर आधी संशय घ्या. लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीनं प्रत्येक पट्टी हलकेच उचलून पाहा. सुटलेली पट्टी चटकन कळते. ताईंच्या नवव्या गटाचा आजार मात्र दुसऱ्या प्रकारचा, गळतीचा निघाला, बारातला एक सेल दहा दिवसांत ३.८९ वरून बाकीच्यांना घेऊन ३.६ ला आला.

२ व्होल्टच्या खाली बरेच दिवस पडून राहिलेला सेल ‘जिवंत’ करायचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. करू नका. तेवढं खाली गेल्यावर आतलं तांबं विरघळतं आणि पुन्हा भरताना ते नको तिथे जमतं. सेल भरतो, व्होल्टेज दाखवतो, आणि दोन महिन्यांनी कुणाच्यातरी पार्किंगमध्ये आतून शॉर्ट होतो.

बीएमएस

गट सगळे बरोबर, आउटपुट मात्र नाही, तर बीएमएसकडे या. तो गेलाय की शहाणपणानं तोडून बसलाय, हे आधी ठरवा. तापमानाची वायर पाहा: बहुतेक ठिकाणी १० किलोओहमचा सेन्सर असतो, २५ अंशांना तेवढाच रोध दाखवतो. वायर तुटली की अॅपमध्ये उणे ४० अंश दिसतं आणि बीएमएस चार्जिंग नाकारतो. पाषाणला डिसेंबरात कितीही गारठा पडो, उणे ४० नाही.

बीएमएस ‘बायपास’ करून गाडी चालू करून देणारे आहेत. गिऱ्हाईक खूश होतं, शंभर रुपये जास्त देतं. हे काम आपलं नाही.

नवा बसवताना जात, गटांची संख्या आणि करंट जुळलाच पाहिजे. काढताना आधी बारीक वायरींचा प्लग, मग जाड काळी वायर. जोडताना बरोबर उलट: जाड काळी आधी, प्लग शेवटी. प्लग खुपसण्याआधी काळ्या टोकापासून प्रत्येक पिन मोजा: ३.९, ७.८, ११.७ असा जिना चढत गेला पाहिजे. एखादी पायरी चुकली असेल तर प्लग लावताच बीएमएस जळतो, वासही येतो. जोडून झाल्यावर आउटपुट शून्य आलं तरी निराश होऊ नका. काही बीएमएस चार्जर क्षणभर लावल्याशिवाय जागे होत नाहीत.

सेल बदलायचा झाला तर

आधी बदलावा का ते ठरवा. एक गट गेलाय, बाकीचे दमदार आहेत, पॅक दोन-अडीच वर्षांचा आहे, तर जरूर. तीन-चार गट वेगवेगळ्या अवस्थेत लोळताहेत, तर गिऱ्हाइकाला खरं सांगा: आज हा बदलीन, दिवाळीला दुसरा जाईल. नवा पॅक घ्या.

सेल त्याच जातीचा, त्याच मॉडेलचा, त्याच क्षमतेचा हवा. १८६५० हे नाव म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ लांबी, त्यात क्षमता कळत नाही. बाजारात या मापावर ९९०० एमएएच छापलेले सेल मिळतात. हसा आणि पुढे चला. चांगल्यातला चांगला नेहमीचा १८६५० सुमारे ३५०० ला थांबतो. वजनकाटा जवळ ठेवा, खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, भुशाचा त्याहून बराच हलका. समांतर जोडण्याआधी सगळ्या सेलचं व्होल्टेज ०.०५ च्या आत आणा, नाहीतर जोडताक्षणी भरलेला सेल रिकाम्यात धावतो.

निकेलची पट्टी तपकीर गल्लीत मागितली की मिळते, पण निकेलच मिळेल असं नाही. वरून निकेलचा मुलामा आणि आत लोखंड, अशीही येते. कानशीनं ओरखडा काढून तुकडा मिठाच्या पाण्यात रात्रभर टाका. सकाळी तांबूस गंज आला तर लोखंड. लोखंडाचा रोध जास्त, पट्टी तापते.

आता सेलचं वरचं टोक जरा जवळून पाहा. मधली बुंदी धन. पण तिच्याभोवतीचा दुमडलेला काठ ऋण असतो, कारण सेलची सगळी बाहेरची नळी ऋणच आहे. दोघांमध्ये जेमतेम दोन-तीन मिलिमीटर अंतर आणि वर नखानंही फाटेल इतकं पातळ प्लास्टिक. पट्टी त्या काठावरून जाते. गाडी वर्षभर हादरते, पट्टी प्लास्टिक कापते, शॉर्ट. म्हणून प्रत्येक धन टोकावर कागदी इन्सुलेशनची चकती चिकटवा. किरकोळ पैशांची चकती, आणि हीच गाळायची खोड सगळ्यात जास्त दिसते.

सेलवर थेट सोल्डर मारू नका, उष्णता आतला पडदा बिघडवते. स्पॉट वेल्डरच वापरा. मेलेल्या सेलवर सराव करा आणि पट्टी पकडीनं ओढा. ती सहज सोलून आली तर वेल्ड कच्चा. पट्टी फाटून तिचे ठिपके सेलवर राहिले तर पक्का.

पाणी

पावसाला आपण उगाच जास्त बोल लावतो. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप डिक्कीखाली मारलेला असतो, पाणी तिथून शिरतं. मात्र २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्याच बुडाल्या. त्यानंतर आमच्याकडे आलेला एक पॅक वरून कोरडा खडखडीत होता, मालकानं तो उन्हात वाळवून चार्जिंगलाही लावला होता. उघडला तर तळाच्या ओळीत गाळाची बोटभर रेघ आणि बीएमएसच्या पिनांवर हिरवी बुरशी. बुडालेला पॅक चार्ज करायचा नाही. तो आठवड्यानंही पेटू शकतो. फक्त बीएमएसवर ओल आली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशनं साफ होतं. सेलच्या तळाला गंज चढला असेल तर पॅक भंगारात.

शिशाच्या बॅटरीवाल्या जुन्या गाड्यांचं चटकन सांगतो: १२ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या असतात, भार लावून प्रत्येकीचं व्होल्टेज पाहा. एखादी १० च्या खाली कोसळली तर ती गेली. एकच नवी घातली तर जुन्या चार तिला खाली ओढतात, म्हणून शक्यतो पूर्ण संच.

गाडी परत देताना

पूर्ण चार्ज करा, दोन तास थांबा, पुन्हा सगळे गट मोजून वहीत लिहा. मग माळा लावून पॅक रिकामा करत आणा, दर अर्ध्या तासाला करंट आणि वेळ लिहा. साडेचार अँपिअरनं सहा तास चालला म्हणजे २७ एएच मिळाले. हा आकडा गिऱ्हाइकाला सांगा, ‘एकदम नवी झाली’ असं सांगू नका. नंतर पुन्हा चार्ज करून स्वतः चढावर फिरवून आणा आणि उतरल्यावर कनेक्टरला हात लावा. ताईंना मी पंधरा दिवसांनी परत बोलावलं. सतरा आकडे पुन्हा मोजले. नववा ४.१२, बाकीचे ४.१२-४.१३.

काढलेले सेल उरतात. त्यांच्या दोन्ही टोकांना टेप लावायची, वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे आणि डबा गाळ्याच्या बाहेरच्या बाजूला, उन्हापासून दूर. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे हे सेल कचऱ्यात टाकता येत नाहीत, नोंदणी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्यायचे. गल्लीतला भंगारवाला किलोवर घ्यायला तयार असतो. त्याला दिलात तर तो ते तांब्यासाठी हातोडीनं फोडतो.